टीएमआर स्टिकचा कंट्रोलर: पाच महिने वापरून

आधीच्या कंट्रोलरने वर्षभरात मान टाकली. फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडू आपला आपण डावीकडे चालू लागायचा आणि गोल हुकला की चिरंजीव माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच ढकललं. उघडून पाहिला. अंगठ्याने फिरवायच्या स्टिकखाली कार्बनचा पट्टा, त्यावर घासणारी धातूची जिभली. जुन्या रेडिओचं बटण फिरवताना खरखर यायची ना, तोच आजार.

नवा घेताना दुकानदार म्हणाला, "मॅडम, हॉलवाला घ्या, नाहीतर टीएमआर. तो साडेसहाशेने महाग." का महाग? तर म्हणे, "लेटेस्ट आहे."

मी बीएस्सीला फिजिक्स शिकवते. दोन्ही सेन्सर स्टिकची जागा चुंबकावरून ओळखतात. हॉल परिणाम १८७९ सालचा. आमची मुलं जर्मेनियमच्या स्फटिकावर तासभर मिलिव्होल्ट मोजत बसतात. सेमीकंडक्टरमधून करंट सोडायचा, चुंबकाने इलेक्ट्रॉन एका कडेला सरकतात, तिथलं व्होल्टेज वाचायचं. टीएमआरचं, म्हणजे टनेल मॅग्नेटोरेझिस्टन्सचं, प्रकरण वेगळं. दोन चुंबकीय थर आणि मध्ये एक-दोन नॅनोमीटरचा विद्युतरोधक थर. इलेक्ट्रॉन त्यातून टनेलिंग करून, म्हणजे भिंतीवरून उडी न मारता आरपार, पलीकडे जातात. किती जातील ते त्यांच्या स्पिनवर (इलेक्ट्रॉनच्या अंगच्या इवल्याशा चुंबकत्वावर) आणि दोन्ही थरांच्या चुंबकत्वाच्या दिशांवर ठरतं. दिशा जुळल्या तर रोध कमी, उलट झाल्या तर जास्त. स्टिकला चिकटवलेलं चुंबक हलतं, तशी एका थराची दिशा वळते. घासत काहीच नाही.

१९७५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूलिएर यांनी हा परिणाम दाखवला तो लोखंड आणि कोबाल्टच्या मध्ये जर्मेनियम ठेवून, उणे २६९ अंशांवर, आणि रोधातला फरक जेमतेम १४ टक्के. नेहमीच्या तापमानाला तो ठळकपणे दिसायला १९९५ उजाडलं. २००४ मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडच्या थराने आकडा २०० टक्क्यांच्या आसपास नेला. ते सगळं आता सोफ्यावर चिवड्याच्या हातांनी वापरलं जातंय!

तर, साडेसहाशे वसूल? माझ्या मते हो. कंट्रोलर तपासायच्या टेस्टरवर स्टिक सोडली की ठिपका अजून मधोमध येऊन थांबतो. टीएमआर सेन्सर हॉलपेक्षा वीज कमी खातो, पण बॅटरीत त्याचा फायदा किती ते मला सांगता येणार नाही, कारण कंपनीने कंट्रोलरला रंगीत दिव्यांची माळ लावली आहे. ती बंद करता येते. कशी, ते माहितीपत्रकात शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

न राहवून एक प्रयोग केला. फ्रिजवरचं चुंबक स्टिकशेजारी धरलं आणि गोलकीपर पळत सुटला. तेव्हा मागे मॅग्नेट असलेला मोबाइल कंट्रोलरला टेकवून ठेवू नका.

डी-पॅड (चार दिशांचं बटण) मात्र भुसभुशीत आहे. फायटिंग गेम खेळणाऱ्यांनी दुसरा बघावा.