कुत्र्यांच्या गोचीड-तापाची पीसीआर पॅनेल टेस्ट: महाग आहे पण कराच (5 पैकी 4 स्टार)

आमच्या राणीला पावसाळ्यात ताप भरला, जेवण बंद, हिरड्या पांढरट, प्लेटलेट्स घसरलेल्या, म्हणजे गोचीड-ताप हे उघडच होतं पण नेमका कुठला ते कळेना. एका क्लिनिकमध्ये रॅपिड कार्ड टेस्ट केली, एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या बॅक्टेरियाची रेघ उमटली, लगेच डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, विषय संपला. पण ते कार्ड अँटीबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं दाखवतं, जंतू नाही, इन्फेक्शन मागे कधी होऊन गेलं असलं तरी रेघ येते आणि अगदी नवीन असलं तर येतच नाही. म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टर मॅडमनी गोळी सुरू करायच्या आधी ब्लड पुण्यातल्या एका लॅबला पीसीआर पॅनेलसाठी पाठवलं, त्यात रक्तात खुद्द जंतूंचा डीएनए शोधतात, एकदम अनेक जंतूंचा.

रिपोर्टमध्ये एर्लिकिया कॅनिस, अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिस, बबेसिया गिब्सोनी, बबेसिया व्होगेली, हिपॅटोझून अशा गोचिडीतून येणाऱ्या जंतूंची नावं, प्रत्येकाची वेगळी ओळ (बबेसिया आणि हिपॅटोझून हे बॅक्टेरिया नाहीत, रक्तातले परजीवी आहेत). राणीचं एर्लिकिया निगेटिव्ह आणि गिब्सोनी पॉझिटिव्ह!! नुसत्या कार्डावर गेलो असतो तर डॉक्सीचा 28 दिवसांचा कोर्स झाला असता आणि खरा आजार तसाच. गिब्सोनीला बबेसियाचं नेहमीचं इमिडोकार्ब इंजेक्शनपण नीट लागू पडत नाही, अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन अशी जोडी द्यावी लागते, त्यामुळे नाव कळणं फार महत्त्वाचं.

तिच्या कानामागून काढलेल्या गोचिडी मी बाटलीत घालून लॅबमध्ये नेल्या होत्या, एक मादी तर एरंडीच्या बीएवढी टम्म फुगलेली, म्हटलं हिचीच टेस्ट करा ना. तिथल्या ताईंनी नाही म्हणून सांगितलं आणि कारणही छान समजावलं. गोचिडीच्या आत जंतूंचा अख्खा गोतावळा असतो, तिच्यात सापडलं ते कुत्र्यात असेलच असं नाही. काही जंतू तिचे हक्काचे, कॉक्सिएलाच्या जातकुळीतले बॅक्टेरिया तिच्या अंडाशयात राहतात, अंड्यांतून पिल्लांत जातात आणि तिला बी व्हिटॅमिन्स पुरवतात कारण जन्मभर नुसतं रक्त पिऊन ती पुरत नाहीत. गुरांच्या गोचिडींवर प्रयोग झालाय, टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन हे बॅक्टेरिया घटवले तर गोचिडींच्या पुढच्या पिढीची वाढच अडली! मग कातडीवरून, मातीतून आलेले वेगळे आणि रोग करणारे उपरे वेगळे. त्यातपण एर्लिकिया मादीकडून अंड्यात जात नाही, गोचिडीचं पिल्लू आजारी कुत्र्याचं रक्त पितं तेव्हा तो उचलतं, बबेसिया व्होगेली मात्र अंड्यातूनही जातो, आणि हिपॅटोझून तर गोचीड चावल्याने नाही, कुत्र्याने ती गिळली की होतो. एकाच गोचिडीत दोन रोगपण सोबत असू शकतात, म्हणून एकेक टेस्ट करत बसण्यापेक्षा पॅनेल बरं.

एक स्टार कापला कारण रिपोर्टमध्ये नुसते आकडे, साध्या भाषेत एक ओळ नाही, आणि रविवारी पिकअप नाही, तापलेलं जनावर घरात असताना एक दिवसपण जड जातो हो.

करणार असाल तर ब्लड जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये आणि औषध सुरू व्हायच्या आधीच द्या, डॉक्सी पोटात गेलं की रक्तातले एर्लिकिया कमी होतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. राणी आता जेवतेय, गिब्सोनी बऱ्याचदा अंगात दडून राहतो म्हणून कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी परत पीसीआर करायचीय, ती याच लॅबमध्ये.