'सगळे नंबर जुळणारी' मौझर के९८के: वर्षभर वापरल्यानंतर

के९८के ही दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची रायफल. जाहिरातीत 'ऑल मॅचिंग', म्हणजे सगळ्या भागांवर एकच क्रमांक, असं लिहिलं होतं, म्हणून जास्त डॉलर मोजले. अमेरिकेत सी अँड आर, म्हणजे जुन्या बंदुकांच्या संग्राहकाचं, लायसन्स (३० डॉलर, तीन वर्षं) असलं की ५० वर्षांहून जुनी रायफल थेट घरी येते. पण मग हातात घेऊन बघणं होतं ते पैसे गेल्यावरच. दुकानदाराशी झालेली हुज्जत अजून डोक्यात आहे, म्हणून आधी नंबरांचंच लिहितो.

नंबर जुळतात, पण ते जुळवलेले आहेत. बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दट्ट्या, भिंगाखाली धरा. जर्मन कारखान्यातला आकडा ठशाने ठोकलेला असतो, खोल आणि रेखीव. माझ्या बोल्टवरचा नंबर विजेच्या पेनने कोरलाय, बारीक ठिपक्यांची थरथरती रेघ. शेजारी मूळ नंबर आहे, तो वेगळाच, आणि त्यावर आडवी काट मारलेली. रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागावर) फुली आणि दस्त्यावर लाखेचा लालसर जाड थर. म्हणजे ही सरळसरळ 'रशियन कॅप्चर'. सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेल्या या रायफली युद्धानंतर सुट्या करून साफ केल्या, बसेल तो बोल्ट बसवला, काळा मुलामा दिला आणि साठवून ठेवल्या. सैनिकाने युद्धावरून घरी आणलेल्या अस्सल जुळणाऱ्या रायफलीची किंमत याच्या कितीतरी पट असते. त्या भावाच्या जवळपासही हिच्यासाठी पैसे मागू नयेत. दुकानदाराचं पालुपद एकच: नंबर एक आहेत ना? परत घ्यायला तयार, पण वर कापून घेणार. फोटोंसकट इमेल पाठवत राहिलो तेव्हा थोडे पैसे परत आले. समाधान झालेलं नाही.

बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा असल्यामुळे हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा) तपासल्याशिवाय गोळी झाडायची नाही, हे मी ठरवलं होतं. गनस्मिथकडे 'गो' मापावर बोल्ट बंद झाला, त्याहून मोठ्या 'नो-गो' मापावर झाला नाही, म्हणजे जागा बरोबर आहे. मगच रेंजवर नेली.

आणि तिथे माझं मत बदललं. शिक्का बीवायएफ ४३, म्हणजे ओबर्नडॉर्फचा मौझर कारखाना, १९४३. नळीत काळपटपणा आहे, पण खाचा धारदार आहेत. १०० यार्डांवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात, फक्त नेमापेक्षा बऱ्याच वर. नेम धरायची टोकदार माशी (नळीच्या टोकावरची) आणि मागची व्ही खाच यांची सवय व्हायला वेळ लागतो. माशी उंच बसवता येते. मी खाली नेम धरतो, खर्च शून्य. थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ब्रिटिशांची लीएनफील्ड, चालवलेल्यांना एक फरक लगेच जाणवेल: लीएनफील्डचा बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग ताणली जाते, मौझरची दांडी वर उचलतानाच. के९८केची दांडी खाली वाकवलेली असते.

काडतुसांचं म्हणाल तर अमेरिकन कंपन्यांची मवाळ असतात. १८८८ च्या जुन्या रायफलींची नळी ०.३१८ इंची गोळीची, ही ०.३२३ ची, चुकून ही मोठी गोळी जुन्या नळीत गेली तर धोका नको म्हणून दाब कमी ठेवतात. सर्बियाची प्रवी पार्टिझन जोरकस आहेत, मला तीच आवडली. १९५० च्या दशकातला युगोस्लाव्ह साठा मिळाला तर घ्या, पण त्याच्या प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी) नळीत क्षार उरतो आणि तो हवेतला ओलावा ओढतो. नुसतं तेल पुसून तो जात नाही. त्याच दिवशी नरसाळ्याने मागून उकळतं पाणी ओता, कोरडी करा, मग तेल.

लाख खरवडून दस्ता 'जर्मन' करायचा सल्ला बरेचजण देतात. मी करणार नाही. ती लाख हा या रायफलीच्या इतिहासाचा खरा भाग आहे आणि तो पुसून तिला दुसरंच काही म्हणून विकणाऱ्यांचाच तर मला राग आहे.

रायफल ठेवली आहे, नेमबाजीसाठी बिनधास्त घ्या, पण रशियन कॅप्चरच्याच भावात. 'मॅचिंग' म्हणणाऱ्याकडे पैसे देण्याआधी बोल्टच्या दांडीच्या बुडाचा जवळून काढलेला फोटो मागा. टाळाटाळ केली तर तिथून घेऊ नका.