साराटोगाच्या झऱ्यांचं जुनं पुस्तक: मूळ प्रत, पुनर्मुद्रण की स्कॅन?

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम कुंडं आपल्या जिल्ह्यातलीच. त्यामुळे ठाण्याच्या एखाद्या ग्रंथसंग्राहकाला परदेशी आरोग्यझऱ्यांच्या जुन्या प्रचारपुस्तकांची ओढ लागली तर नवल नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जवर एकोणिसाव्या शतकात अशी बरीच पुस्तकं निघाली. तिथलं पाणी थंड आणि मुळातल्याच कार्बन डायऑक्साइड वायूने फसफसणारं. हॉटेलांची वर्णनं, पाण्याचं पृथक्करण आणि कोणत्या दुखण्यावर कोणता झरा, हा त्यांचा ठरलेला ऐवज.

मजकूर वाचणं एवढाच हेतू असेल, तर फुकट मिळणारा स्कॅन पुरे. त्यात शब्द शोधता येतो, वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या शेजारी ठेवून क्षारांचे आकडे ताडता येतात. साल न छापलेल्या पुस्तिकेचा काळही मजकुरावरून ओळखता येतो. विहिरीच्या पाण्यात किरणोत्सार असल्याचं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांना 1903 मध्ये आढळलं. पुढे झऱ्यांच्या जाहिराती हाच गुण म्हणून मिरवू लागल्या. रेडियम या किरणोत्सारी धातूची स्तुती दिसली, की पुस्तिका विसाव्या शतकातली समजावी.

मागणीनुसार छापलेलं पुनर्मुद्रण मी सुचवणार नाही. ते बहुधा त्याच स्कॅनवरून काढलेलं असतं. घडीचा नकाशा मिटलेलाच छापला जातो आणि रंगीत शिळाछाप चित्रांचे काळे डाग होतात. पैसे मोजून स्कॅनपेक्षा कमीच हाती येतं.

मूळ प्रतीची गोष्ट वेगळी. हे पुस्तक मुळात जाहिरात होतं, आणि ती जाहिरात सोनेरी ठशाच्या पुठ्ठ्यात, उलगडणाऱ्या नकाशात, शेवटच्या पानांवरच्या रेल्वे-हॉटेलांच्या मजकुरात आहे. शिवाय पुढे कार्बन डायऑक्साइड विकणाऱ्या कंपन्यांनी इतका उपसा केला, की झरे आटू लागले आणि 1909 मध्ये राज्य सरकारला ते राखीव करावे लागले. त्याआधीच्या वैभवाकडे ज्या वस्तूने लोकांना बोलावलं, ती वस्तू हातात असण्याला मोल आहे. परवडत असेल तर मी मूळ प्रतच घेईन.

मात्र ठाण्याची हवा आधी लक्षात घ्या. साधारण 1850 नंतरचा बराचसा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. तो पिवळा पडून कडांना तुटतो. पावसाळ्यातल्या दमटपणात तपकिरी ठिपके, बुरशी आणि कसर यांचं फावतं. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राखता येत नसेल, तर महागडी प्रत घेऊ नका. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

पुठ्ठा थोडा झिजलेला चालेल, नकाशा नसलेली प्रत नको. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून नकाशा पूर्ण उलगडलेला फोटो मागवा आणि चित्रांची संख्या स्कॅनशी ताडून घ्या.