दाब १.३, बिल ९६,०००

सासूबाईंच्या छातीवरची जखम आधी चवलीएवढी होती. अकरा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. कॅन्सर गेला, पण तिथली कातडी तेव्हापासून ताणून बसवल्यासारखी कडक. ब्लाउजची शिवण घासल्याचं निमित्त झालं आणि चरा उमटला. पाच महिने तो भरेना. मलम, ड्रेसिंग, शेजारच्या काकूंची हळद, सगळं झालं.

तेवढ्यात घोडबंदर रोडच्या एका 'ऑक्सिजन थेरपी' सेंटरची जाहिरात मोबाइलवर दिसली. तिथला माणूस बोलायला गोड. "मावशी, रेडिएशनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त नाही, ऑक्सिजन नाही, मग जखम भरणार कुठून?" हे खरं आहे, आणि म्हणूनच आम्ही फसलो. हायपरबेरिक ऑक्सिजन, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणं, हा उपचारही खराच. रेडिएशनच्या जुन्या जखमांसाठी डॉक्टर तो सुचवतात. खोटं होतं ते मशीन.

४० सिटिंगचे ९६,००० रुपये, आगाऊ भरले तर पाच सिटिंग फुकट. भरले.

मशीन म्हणजे चेन लावलेली जाड प्लॅस्टिकची पिशवी, स्लीपिंग बॅगला खिडकी बसवावी तशी. आई आत झोपायच्या, तोंडावर मास्क, हातात मोबाइल, तासभर मालिका बघायच्या. "गार वाटतं गं," म्हणायच्या. मी बाहेर बसून कौतुकाने फोटो काढायचे.

छत्तिसाव्या सिटिंगला चवलीचा रुपया झाला होता. सेंटरवाला म्हणाला, "खराब पेशी बाहेर पडतायत, अजून वीस घ्या." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

नौपाड्यातल्या एका प्लॅस्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी माझ्या फोटोतला मशीनच्या दाबाचा काटा मोठा करून पाहिला. १.३, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम १.३ पट. खऱ्या चेंबरमध्ये दाब वातावरणाच्या दुप्पट ते अडीचपट ठेवतात आणि रुग्ण शुद्ध ऑक्सिजन घेतो. ही मऊ पिशवी मुळात उंच डोंगरावर त्रास झालेल्या गिर्यारोहकांना तात्पुरता आराम मिळावा म्हणून निघालेली. हातातला मोबाइल दिसला तेव्हा तर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. खऱ्या चेंबरमध्ये ठिणगीसुद्धा घात करते, म्हणून मोबाइल, नायलॉनचे कपडे, अंगाला तेल, काही चालत नाही. आधी कान तपासतात, छातीचा एक्स-रे बघतात. आमचं फक्त गूगल पे तपासलं होतं. तुम्ही असं सेंटर बघत असाल तर दाबाचा आकडा विचारा, डॉक्टर कोण ते विचारा, आणि मोबाइल आत नेऊ देत असतील तर चपला घालून सरळ बाहेर पडा.

डॉक्टर चिडले ते मात्र पैशांवरून नाही. रेडिएशन झालेल्या जागची जखम महिनोन्‌महिने भरत नसेल तर आधी बायोप्सी करायची, कारण तिथे कॅन्सर परतलेला असू शकतो किंवा नवा सुरू झालेला असू शकतो. आम्ही दीड महिना पिशवीत घालवला होता. रिपोर्टची वाट बघताना घरात कोणी धड जेवलं नाही. आई तेवढ्या जेवत होत्या.

कॅन्सर निघाला नाही. मग मेलेला भाग काढून, पाठीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट पुढे वळवून बसवला. तिथल्या जागेत मुळात रक्तच कमी, त्यामुळे नुसती कातडी लावली तर ती धरण्याचा भरवसा नसतो. आता जखम भरलीय. खांदा थोडा दुखतो.

पैसे परत मागायला गेले तेव्हा पावती पहिल्यांदा नीट वाचली. जखम, उपचार, डॉक्टर, यातला एक शब्द नाही. 'वेलनेस मेंबरशिप, नॉन-रिफंडेबल.' वर तो माणूस मलाच विचारतो, "मावशींना गार वाटत होतं ना?"

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवलीय. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यासाठी फाइल तयार करतेय. सगळ्यात वर माझाच फोटो लावलाय: आई पिशवीत मालिका बघतायत, काटा १.३ वर.