जुन्या बी४५० मदरबोर्डावर रायझन ५७००एक्स, एका लग्नसराईनंतरचा अनुभव

आषाढी झाली, आता तुळशीच्या लग्नापर्यंत फारसे मुहूर्त नाहीत, त्यामुळे निवांत बसून लिहायला वेळ मिळालाय. मी अकोल्यात घरून लग्नाचे अल्बम डिझाईन करते, म्हणजे फोटोग्राफर दादा लोक हार्ड डिस्क आणून देतात, त्यातून सिलेक्शन, कलर करेक्शन, मग करिझ्माची (छापील फोटो-अल्बमची) शीट्स बनवून लॅबला पाठवायची. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, सीझन सुरू व्हायच्या तोंडावर, कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलला, रायझन ३ २२००जी काढून रायझन ७ ५७००एक्स टाकला. तेव्हा मला हवी ती माहिती मराठीत एका जागी कुठेच मिळाली नव्हती आणि जे व्हिडिओ होते ते सगळे गेमवाले, एवढे एफपीएस अन् तेवढे एफपीएस. म्हणून आता आठ महिने रोज दहा-बारा तास वापरल्यावर सविस्तर लिहितेय.

आधी जुनं काय होतं ते सांगते. बी४५० चा बोर्ड, २२००जी, १६ जीबी रॅम, नंतर घेतलेलं जीटीएक्स १६५० चार जीबीचं कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). २२००जी २०१८ चा आहे, चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं). घरच्या कामाला अजूनही वाईट नाही पण माझं काम वाढलं होतं. २४ मेगापिक्सेलचे पाचशे रॉ (कॅमेऱ्यातून जसेच्या तसे आलेले) फोटो लाइटरूममधून एक्सपोर्टला लावले की पाऊण तास गेलाच समजा, आणि तेवढा वेळ फोटोशॉप उघडायची सोय नाही कारण माऊससुद्धा अडकत अडकत चालायचा. सीझनमध्ये एका लग्नाचे तीन-तीन हजार फोटो येतात, हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन सगळं धरून, तर रात्री एक्सपोर्ट लावून झोपायचं आणि पहाटे उठून बघायचं की लाईट तर नाही ना गेली मधेच.

दुसरं कारण म्हणजे विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार हे जाहीर झालं होतं आणि २२००जी विंडोज ११ च्या यादीत नाहीच. म्हणजे आज ना उद्या बदलायचं होतंच.

आता निवड कशी केली ते, कारण खरा वेळ त्यातच गेला, जवळजवळ महिनाभर. नवऱ्याचं म्हणणं होतं की सगळं नवीनच घेऊ, नव्या एएम५ सॉकेटवाला रायझन ५ ७६०० (माझा बोर्ड एएम४ चा), पुढची पाच-सात वर्षं बघायला नको. बरोबर होतं त्यांचंही, पण त्यात बोर्ड नवा, रॅम नवी कारण तिथे डीडीआर५च लागते, जुनी डीडीआर४ चालत नाही, आणि बेरीज केली तर नुसत्या प्रोसेसरच्या दुप्पट-अडीचपट खर्च. भाच्याचा आग्रह ५७००एक्स३डी चा. तो प्रोसेसर खूप चांगला आहे पण त्याची ९६ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) गेमला उपयोगी, आणि त्याचा वेग ४.१ गिगाहर्ट्झला थांबतो तर साधा ५७००एक्स ४.६ पर्यंत जातो. फोटोशॉपला तर एका कोअरचा वेगच जास्त लागतो, ब्रश, लिक्विफाय, हीलिंग यात आठ कोअर काही एकदम कामाला लागत नाहीत. म्हणजे माझ्या कामासाठी ३डी वर जास्त पैसे घालणं चुकीचं झालं असतं.

इंटेलचा आय५ १२४००एफ पण मनात होता. सहा कोअर, बारा थ्रेड, डीडीआर४ वर चालणारे बोर्ड मिळतात, म्हणजे रॅम वाचली असती. पण बोर्ड घ्यावा लागलाच असता. एक मात्र इथे लिहून ठेवते, जे लोक व्हिडिओ एडिटिंग करतात आणि ज्यांच्या कॅमेऱ्यात एचईव्हीसी १० बिट ४:२:२ (जास्त रंगमाहिती असलेला व्हिडिओ प्रकार) शूट होतं, त्यांनी इंटेलचा आतमध्ये ग्राफिक्स असलेला, म्हणजे नावात शेवटी एफ नसलेला प्रोसेसर नक्की बघावा, कारण ते फुटेज इंटेलचं आतलं ग्राफिक्स सहज उलगडतं आणि माझ्यासारखं जीटीएक्स कार्ड तिथे काहीच मदत करत नाही. माझ्याकडे व्हिडिओचं काम नाही म्हणून मी तो विचार सोडला.

मग माझ्या बोर्डावर बसणारे रायझनचे तीन उरले, ५६००, ५७००जी आणि ५७००एक्स. ५७००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, पण कॅश अर्धी, १६ एमबी, बाकी दोघांत ३२. माझ्याकडे कार्ड होतं म्हणून जी ची गरज नव्हती. पण ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांनी इथे फार लक्ष द्या, ५६०० आणि ५७००एक्स मध्ये ग्राफिक्स अजिबात नाही, बोर्डाला मागे एचडीएमआय असलं तरी त्यातून चित्र येणार नाही. २२००जी वापरणाऱ्याला ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही कारण आपल्याला सवय असते मागच्या एचडीएमआयला वायर लावायची.

५६०० आणि ५७००एक्स मध्ये तेव्हा मला तीन-साडेतीन हजारांचा फरक पडत होता. ५६०० च्या बॉक्समध्ये कूलर येतो, ५७००एक्सच्या येत नाही, तोही खर्च धरायचा. तरी ५७००एक्स घेतला कारण त्यात कोअर जास्त, आणि लाइटरूमचं एक्सपोर्ट आणि प्रिव्ह्यू बनवणं यात जेवढे कोअर तेवढे कमी, आणि मला एक्सपोर्ट चालू असताना दुसरीकडे शीट बनवता यायला हवी होती. जर माझं काम नुसतं फोटोशॉपचं असतं तर मी ५६०० घेऊन उरलेले पैसे रॅममध्ये टाकले असते, हे अगदी मनापासून सांगते.

प्रोसेसर आला. पहिला बॉक्स उघडलेला निघाला, सील कापून परत चिकटवलेलं, मी तो लावलाच नाही, परत केला, त्यात नऊ दिवस गेले. एएम४ च्या प्रोसेसरला पिना प्रोसेसरलाच असतात, खाली जवळजवळ तेराशे पिना, त्यातली एखादी वाकलेली असेल तर नंतर कोण ऐकणार आपलं, म्हणून बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा आणि बॉक्सवाला, तीन वर्षांच्या वॉरंटीचाच घ्या, ट्रेवाला (बॉक्सशिवाय सुटा विकतात तो) स्वस्त मिळतो पण त्यात वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर.

बायोस (बोर्डातलं, कॉम्प्युटर सुरू करणारं सॉफ्टवेअर) आधी अपडेट करायचा, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. हे उलटं केलं तर नवा प्रोसेसर लावून कॉम्प्युटर चालूच होणार नाही, कारण बी४५० बोर्ड २०१८ चा आणि हा प्रोसेसर २०२२ चा, जुन्या बायोसला तो ओळखताच येत नाही. पेन ड्राईव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून, फाईल टाकून, बोर्डाच्या पानावर सांगितलेल्या क्रमाने दोन टप्प्यात केलं. आधी यूपीएसची बॅटरी नवीन टाकून घेतली मग हात लावला, कारण बायोस लिहिला जात असताना लाईट गेली तर बोर्डच जायचा. आणि घाईने जुना बायोस नका घेऊ, या प्रोसेसरांवर एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) मधेच क्षणभर सगळं अडकायचा त्रास होता, एएमडीने २०२२ मध्ये तो मान्य केला आणि नव्या बायोसमध्ये दुरुस्त केला. मी नवीनच टाकला, मला एकदाही तसं झालं नाही.

आता जे चुकलं ते. जुना कूलर काढताना स्क्रू सोडवले आणि सरळ वर ओढला, तर लॉकमध्ये असलेला प्रोसेसरसुद्धा कूलरखालच्या पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून वर आला. माझ्या पोटात गोळाच आला. कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या होत्या. पेन्सिलच्या शिशाची रिकामी नळी असते ना, ०.५ वाली, तिच्यात एकेक पिन घालून हळूहळू सरळ केल्या, दीड तास लागला. तो २२००जी आज भाच्याकडे चालू आहे. पण हे टाळता येतं, आधी पंधरा-वीस मिनिटं कॉम्प्युटरवर काहीतरी जड काम चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, बंद करायचा, मग कूलर ओढायचा नाही, डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवायचा आणि सुटल्यावर उचलायचा. आणखी एक, या छोट्या कूलरचे स्क्रू काढले की बोर्डामागची लोखंडी प्लेट मागच्या मागे निसटते, ती एका हाताने धरून ठेवा.

नवा बसवल्यावर पहिल्यांदा चालू केलं तेव्हा काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम रीसेट करू का असं विचारतं, घाबरू नका, पण ज्यांचं बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे त्यांनी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, नाहीतर डिस्क उघडणार नाही. विंडोज परत टाकावं लागलं नाही, ॲक्टिव्हेशनही तसंच राहिलं, फक्त चिपसेटचा ड्रायव्हर नवा टाकला.

मग दोन आठवडे मला वाटत राहिलं की वाढला वेग, पण एवढे पैसे घातले तेवढा नाही. नंतर लक्षात आलं की बायोस अपडेटमध्ये सगळी सेटिंग पुसली गेली आणि रॅम २१३३ वर चालतेय. रायझनमध्ये आतल्या आत कोअर आणि मेमरीमधलं दळणवळण रॅमच्या वेगाला बांधलेलं असतं, त्यामुळे रॅम हळू तर प्रोसेसरही मागे ओढला जातो. एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू केलं, पुढे जानेवारीत रॅम ३२ जीबी केली, ३२०० ची, दोन सारख्या पट्ट्या. त्या दिवसापासून खरा फरक दिसला. बारा बाय छत्तीस इंचाचं एक शीट ३०० डीपीआयला धरलं तर ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, म्हणजे एका पूर्ण लेअरचे जवळपास ११७ एमबी, आणि आमच्या शीटमध्ये पंधरा-वीस लेअर सहज असतात. १६ जीबीत कितीही चांगला प्रोसेसर लावा, शीट उघडताना डिस्कच दळत बसणार.

आता आकडे, माझ्या घड्याळाने. तेच पाचशे रॉ, आधी पाऊण तास, आता सोळा-सतरा मिनिटं. आणि ते चालू असताना मी शेजारी शीट बनवते, थोडं जड वाटतं पण काम थांबत नाही. यंदा अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात सात लग्नांच्या हार्ड डिस्क एकदम आल्या होत्या, मागच्या वर्षी मी दोन दादांना नाही म्हटलं होतं, यंदा एकालाही म्हणावं लागलं नाही आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणंही बंद झालं. ह्याचा आनंद मला आकड्यांपेक्षा खूप मोठा आहे. जिथे काही फरक पडला नाही तेही सांगते, लाइटरूमचं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणं). संगीतचे अंधारातले फोटो त्यात टाकले की पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, कारण ते सगळं ग्राफिक्स कार्डवर चालतं, प्रोसेसरचा तिथे संबंध नाही. ज्यांचं मुख्य काम तेच आहे त्यांनी पैसे कार्डात घालावेत.

उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं कारण मुंबई-पुण्याच्या लोकांचे टेंपरेचरचे आकडे आमच्याकडे उपयोगाचे नाहीत. मे महिन्यात बाहेर ४४-४५, खोलीत डेझर्ट कूलर लावूनही ३५-३६. डिसेंबरात २२००जी सोबत आलेलाच छोटा कूलर मी ५७००एक्सवर लावला होता आणि एक्सपोर्टला ७८-८० दाखवायचा, चालून जायचं. मार्चमध्येच ८६-८७ ला पोचला, याची मर्यादा ९० आहे, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. मग टॉवर कूलर घेतला, चार पाईप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला, घ्यायच्या आधी कॅबिनेटची रुंदी मोजून घ्या कारण तो १५५ मिलिमीटर उंच आहे. त्यानंतर भर मे मध्येही ७५-७६ च्या वर गेला नाही. हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, जास्तीत जास्त ७६ वॉट घेतो, म्हणून ४५० वॉटचा जुना एसएमपीएस बदलायची गरज पडली नाही आणि यूपीएसवरही पूर्वीएवढाच वेळ मिळतो.

डेझर्ट कूलरची हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्यात ओलावा असतो, आमच्या पाण्याला क्षार आहेत, आणि पुढच्या जाळीवर पांढरट थर धरतो. मी टेबल भिंतीच्या दुसऱ्या बाजूला नेलं आणि दर तीन आठवड्यांनी जाळी काढून धुते.

एकच त्रास झाला आणि तोही मी सेटिंगला हात लावल्यावर. तापमान कमी करायला बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोअरना उणे २० केलं, एक्सपोर्ट तासभर चाललं, काही झालं नाही, म्हणून निर्धास्त होते, आणि आठवडाभराने कॉम्प्युटर नुसता चालू असताना, काहीही काम नसताना, आपोआप रीस्टार्ट. दोनदा झालं. जड कामात नाही तर रिकाम्या वेळेत बंद पडतो, कारण कमी लोडला एकेक कोअर सगळ्यात वर उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. उणे १० वर आणलं, तेव्हापासून चार महिने एकदाही नाही. पंख्याचा आवाजही सारखा वरखाली व्हायचा, हा प्रोसेसर एखादी विंडो उघडली तरी क्षणात दहा-बारा डिग्री वर जातो, बायोसमध्ये पंख्याला काही सेकंद उशिरा वाढायला सांगितलं की थांबतं ते.

ज्यांच्याकडे बी४५० आहे आणि रॉ फोटोंचं काम आहे त्यांनी बोर्ड टाकून देऊ नये, माझं तरी ठाम मत आहे. मी अजून विंडोज १० वरच आहे, ह्या चातुर्मासात, हातात काम कमी आहे तोवर, ११ टाकून घेणार आहे, प्रोसेसर आता यादीत आहेच. कुणाला शीटचं काम करताना काही अडलं असेल तर आपला बोर्ड कोणता, रॅम किती आणि कार्ड आहे की नाही एवढं लिहून विचारा, जेवढं मी स्वतः करून बघितलंय तेवढं नक्की सांगेन.