घरच्या डिझाइन-टेबलावर डेल यू२७२३क्यूई: पडदा चोख, बाकीचं भिंतीच्या रंगावर आणि वायरिंगवर

२७ इंची, फोर के, आणि लॅपटॉपला एकच केबल लावून चालणारा मॉनिटर शोधायला लागलं की डेलच्या अल्ट्राशार्प मालिकेतला यू२७२३क्यूई यादीत येतोच. मॉडेल २०२२ सालचं. २०२५ मध्ये त्याचा पुढचा अवतार, यू२७२५क्यूई, १२० हर्ट्झ (सेकंदाला पडद्यावरचं चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) आणि थंडरबोल्ट (यूएसबी-सीच्याच आकाराची जास्त वेगवान जोडणी) घेऊन आला. पण काम लग्नपत्रिका, मुखपृष्ठं, लोगो, पॅकेजिंग अशा स्थिर चित्रांचं असेल तर जुन्याच्या ६० हर्ट्झमध्ये काही अडत नाही. फरकाचे पैसे खुर्ची आणि कॅलिब्रेटरसाठी (पडद्याचे रंग मोजून जुळवणाऱ्या उपकरणासाठी) ठेवावेत.

आधी अक्षरांबद्दल, कारण देवनागरीत काम करणाऱ्याला या पडद्याचा पहिला फायदा तिथेच दिसतो. २७ इंचांत ३८४० × २१६० म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल. याच आकाराच्या २५६० × १४४० च्या मॉनिटरवर ते १०९ भरतात आणि १० पॉइंटच्या मजकुरात ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध’ची पोटं बुजतात, प्रूफ वाचायला झूम करावं लागतं. इथे १०० टक्के झूमवरही जोडाक्षर सुटं दिसतं. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवा. कोरल या डिझाइन-प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांची टूलपट्टी मात्र मुंगीएवढी दिसते. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘ओव्हरराइड’वर टिक करा आणि खाली ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ निवडा. पट्टी वाचता येते, अक्षरं किंचित मऊ होतात. मॅकवर २५६० × १४४० सारखी जागा निवडली तर मॅक आधी मोठं चित्र बनवून मग ते आक्रसतो. मजकुराला त्याचा त्रास नाही, पण १६ किंवा २४ पिक्सेलचे आयकॉन तपासताना कडा धूसर वाटतात. तेवढ्यापुरतं १९२० × १०८० करून बघावं.

पॅनेल आयपीएस ब्लॅक जातीचं (आयपीएस या एलसीडी प्रकारातलं, काळा जास्त गडद दाखवणारं) आहे, कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, २०००:१. साध्या आयपीएसचा साधारण १०००:१ असतो. फरक जाणवतो तो गडद मुखपृष्ठावर: काळ्यावरची करडी पोत वेगळी ओळखू येते. रंगांत एसआरजीबी (वेबची आणि साध्या पडद्यांची रंगमर्यादा) पूर्ण आणि डीसीआय-पी३ (सिनेमाची, त्याहून मोठी) ९८ टक्के. इथेच नवख्याची फसगत होते. कारखान्यातून आलेल्या ‘स्टँडर्ड’ मोडमध्ये पॅनेल आपली सगळी रंगशक्ती वापरतं. जो प्रोग्रॅम कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ते सांगणारी फाइल) पाळत नाही, त्यात कुंकवाचा लाल आणि केशरी पेटून उठतात. ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला तोच केशरी त्याच्या फोनवर फिका, आणि ऑफसेटवर तर आणखी मातकट. वेब, सोशल मीडिया आणि रोजचं काम असेल तर मेनूतून कलर स्पेस एसआरजीबी करून टाका. छपाईसाठी फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये छापखान्याने दिलेली प्रोफाइल लावून ‘प्रूफ कलर्स’, म्हणजे छापील रंगांचा अंदाज पडद्यावर देणारा पर्याय, चालू ठेवा. ॲडोबी आरजीबी ही छपाईच्या फोटोंसाठीची मोठी रंगमर्यादा मात्र हा मॉनिटर पूर्ण झाकत नाही. फाइन आर्ट प्रिंट काढणाऱ्या फोटोग्राफरने इथे पैसे घालू नयेत.

‘स्क्रीनवर छान होतं, छापून काळपट आलं’ या तक्रारीत दोष बहुतेक वेळा प्रेसचा नसून ब्राइटनेसचा असतो. हा पडदा ४०० निट्सपर्यंत (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) जातो. छपाईच्या कामाला १०० ते १२० पुरेत. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचा कॅलिब्रेटर असेल तर लक्ष्य १२० निट्स, व्हाइट पॉइंट डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा (मधल्या छटांचा उजेड) २.२ असं द्यावं. उपकरण नसेल तर टेबलावरच्या दिव्याखाली कोरा पांढरा कागद धरा, शेजारी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. कामचलाऊ आहे, पण नुसत्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं. खोलीचा उजेडही यात धरायचा. मागे पिस्ता किंवा गुलाबी भिंत असेल तर डोळा तिच्याशी जुळवून घेतो आणि त्वचेचे रंग चुकतात. मॉनिटरमागची तेवढी भिंत फिक्या करड्या किंवा ऑफ-व्हाइट रंगाने रंगवून घ्या. खिडकी पाठीशी नको, समोरही नको, बाजूला हवी. दिवा घेताना खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा) बघा, ९० च्या वर मिळाला तर उत्तम.

आता केबल. एका यूएसबी-सी केबलमधून चित्र, ९० वॅट चार्जिंग, हब (मॉनिटरवरचे यूएसबी पोर्ट) आणि मागच्या पोर्टातून इंटरनेटची लॅन असं सगळं जातं. हा या मॉनिटरचा सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात जास्त गोंधळाची जागा. त्या केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. मेनूत ‘यूएसबी-सी प्रायॉरिटायझेशन’ नावाचा पर्याय आहे. ‘हाय डेटा स्पीड’ निवडलं तर दोन जोड्या चित्राला आणि दोन डेटाला मिळतात. लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवायची पद्धत) १.४ देत असेल तर दोन जोड्यांतही फोर के ६० हर्ट्झला बसतं. १.२ वाला जुना लॅपटॉप ३० हर्ट्झवर येतो, माउसचा बाण अडखळत चालतो आणि मालक रॅम वाढवायला दुकानात जातो. ‘हाय रिझोल्यूशन’ निवडलं तर चारही जोड्या चित्राला, ६० हर्ट्झ मिळतात. पण हब यूएसबी २.० वर घसरतो. मग मॉनिटरला लावलेली एसएसडी सेकंदाला ४० एमबीच्या आसपास रडतखडत चालते, आणि लॅनही त्याच वाटेने जात असल्याने तिचा वेगही पडतो. जुना लॅपटॉप असेल तर ‘हाय रिझोल्यूशन’ ठेवून डिस्क थेट लॅपटॉपला लावा. मोबाइल चार्जरची सी-ते-सी केबल लावून ‘नो सिग्नल’ आला तर मॉनिटरला दोष देऊ नका. तसल्या बहुतेक केबलमध्ये चित्राच्या तारा नसतातच.

९० वॅट बहुतेक पातळ लॅपटॉपना पुरतात. मोठं ग्राफिक कार्ड असलेल्या, १८०–२०० वॅटच्या चार्जरवाल्या लॅपटॉपला रेंडर करताना पुरत नाहीत. चार्जिंग चालू दिसतं तरी बॅटरी उतरत जाते. त्याचा स्वतःचा चार्जर लावाच. दोन मॉनिटर एकामागून एक जोडायची सोय आहे, पण मॅकओएस तशा जोडणीत दोन्हींवर वेगवेगळं चित्र देत नाही. मॅकवाल्यांनी दुसरी केबल वेगळी ओढावी.

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, म्हणून यूपीएसची गरज नाही असं वाटतं. पण मॉनिटर बंद पडतो, त्याच्याबरोबर त्याचा हबही, आणि हबवरच्या डिस्कवर फाइल सेव्ह होत असेल तर ती अर्धवट राहते. न उघडणाऱ्या पीएसडी (फोटोशॉपच्या) फाइलींचं मूळ कधीकधी हेच असतं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस मॉनिटर, लॅपटॉप आणि राउटरला पुरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका ‘यूपीएस’वर आहे ना ते बघा, दुसऱ्या मोडमध्ये पुरवठा बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि स्क्रीन डोळा मारते. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येत असतील तर बहुधा तीन पिनच्या पॉइंटात अर्थिंग पोचलेलं नाही. पेन टॅबलेटवर रेघ थरथरते तिचंही कारण पुष्कळदा हेच. चार्जर काढून बॅटरीवर एक रेघ ओढून बघा. सरळ आली तर ड्रायव्हर पुन्हा टाकत बसण्यापेक्षा वायरमनला बोलवा.

स्टँड १५० मिमी वरखाली होतो, पडदा उभाही फिरतो. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये सुताराकडून करून घेतलेलं टेबल बहुधा २४ इंच खोल असतं. त्यावर स्टँड, मग कीबोर्ड, मग टॅबलेट मांडला की पडदा नाकाशी येतो. डोळ्यांपासून ६० ते ७० सेमी हवं. नवं टेबल करत असाल तर ३० इंच खोल करा. जुनंच वापरायचं तर १०० × १०० मिमीच्या व्हेसा माउंटवर (मॉनिटरच्या पाठीवरच्या चार भोकांवर) आर्म, म्हणजे टेबलाच्या कडेला आवळायचा हात, बसवा. पण भुशाच्या बोर्डावर क्लॅम्प आवळला की सनमायका दबते आणि काही महिन्यांत आर्म झुकतो. खालून-वरून लोखंडी पट्टी किंवा १२ मिमी प्लायचा तुकडा द्या. टॅबलेटबद्दल एकच सांगणं: वाकॉम इंट्युओस मीडियमचं क्षेत्र २१६ × १३५ मिमी, म्हणजे १६:१०, आणि पडदा १६:९. मॅपिंगमध्ये ‘फोर्स प्रपोर्शन्स’ चालू केलं नाही तर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर लंबवर्तुळ होतं.

स्पीकर यात नाहीत. एचडीआरचा (उजेड-अंधारातली जास्त व्याप्ती दाखवण्याचा) शिक्का आहे, त्यावर भुलू नका. फक्त फ्लेक्स आणि सोशल मीडिया पोस्ट करणाऱ्यांना पूर्ण एसआरजीबी देणारा २५६० × १४४० चा मॉनिटर निम्म्याच्या आसपास पैशात भागवतो.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे खोक्यावरचा सर्व्हिस टॅग (डेलचा ओळख-क्रमांक) मागा आणि डेलच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे की बाहेरून आलेल्या मालाची, ते बघा. खोकं उघडल्यावर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच कोरे पडदे पूर्ण स्क्रीनवर लावून अंधारात तपासा. अल्ट्राशार्पच्या वॉरंटीत एक जरी पिक्सेल सतत पेटलेला सापडला तरी पॅनेल बदलून मिळतं, पण दुकानाची परत घेण्याची मुदत चालू असतानाच सांगितलं तर हेलपाटे वाचतात. खोकं आणि थर्माकोल तोवर माळ्यावर ठेवा.