डासाचा पुढचा मुक्काम: नोंदींवरून ओळखायचा की त्याच्या शरीरावरून?

अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा, मलेरिया पसरवणारा डास. २०१२ मध्ये तो आफ्रिकेत, जिबूतीत सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर गेले. पुढे तो कुठे रुजेल, हे सांगायच्या दोन पद्धती आहेत.

पहिलीत डास सापडलेली ठिकाणं घेतात, तिथलं तापमान, पाऊस, लोकवस्ती बघतात आणि तसाच परिसर इतरत्र शोधतात. मॅक्सएंट हे त्यासाठीचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर. २०२० मध्ये संशोधक मारियान सिंका आणि सहकाऱ्यांनी याच पठडीतून आफ्रिकेतली ४४ शहरं अनुकूल ठरवली. तिथे १२ कोटी ६० लाख लोक राहतात! काम झटपट होतं, पण जिथे कुणी शोधलंच नाही तो भाग नकाशावर उगाच सुरक्षित दिसू शकतो.

दुसरी पद्धत डासाच्या शरीरापासून सुरू होते. कोणत्या तापमानाला अळी किती दिवसांत वाढते, मादी किती जगते, तिच्या पोटात मलेरियाचा परजीवी कधी तयार होतो, हे प्रयोगशाळेत मोजून गणितात बसवतात. मेहनत फार, मोजमापं अपुरी. तरीही २०५० च्या हवामानाबद्दल विचाराल तर माझा भरवसा हिच्यावरच.

मात्र उघडी टाकी भर उन्हाळ्यातही अळ्या पोसते आणि पावसाच्या आकड्यांत ती दिसत नाही. पाणीसाठ्याची माहिती दोन्हीकडे वेगळी भरावीच लागते. उद्या कुठल्या शहरात टाक्या तपासायच्या, एवढंच ठरवायचं असेल तर मी पहिली पद्धत निवडेन.